खाड्यानंतरचा दिवस

व्यायामाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यातलं बहुतेक पहिल्या दिवसाबद्दल असतं. कोणते बूट घ्यावेत, पहाटे उठावं की संध्याकाळी जावं, किती मिनिटांनी सुरुवात करावी. खरं तर पहिल्या दिवसाला कुणाच्या सल्ल्याची फारशी गरज नसते. हुरूप असतो, निश्चय ताजा असतो, चार लोकांना सांगूनही झालेलं असतं. आरंभशूरांची वानवा जगात कधीच नव्हती. खरी गाठ पडते ती काही आठवड्यांनी. सर्दी होते, कामाची मुदत अंगावर येते, रात्रीची झोप होत नाही आणि एक दिवस चुकतो. त्या एका दिवसाने शरीराचं काही बिघडत नाही. पण दुसऱ्या दिवशी मनात हिशेब सुरू होतो: आता मोडलंच आहे, तर सोमवारपासून नीट सुरू करू. सोमवारी काहीतरी आडवं येतं, मग पहिली तारीख ठरते. खाडा झाला की पुढच्या दिवशी नेमकं काय करायचं हे आधी ठरलेलं नसतं, म्हणून व्यायाम सुटतो.

सवय एकवीस दिवसांत लागते ही समजूत इथे चांगलीच नडते. तिचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये मांडलेल्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतरचा बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असं त्याने नोंदवलं होतं. तो किमान काळ होता आणि रोजच्या सवयींबद्दल नव्हता. सांगोवांगी तो सगळ्याच सवयींचा ठरलेला काळ होऊन बसला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे नीट मोजलं. ९६ जणांनी रोजची एक नवी कृती निवडली आणि ती किती आपोआप घडते हे बारा आठवडे नोंदवलं. ती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाच्या वाढीचा वेग पाहता २५४ दिवस लागतील असं गणित आलं. जेवताना पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. म्हणजे बाविसाव्या दिवशीही उठायचा कंटाळा आला तर आपल्यात काही खोट आहे असं मानायचं कारण नाही. अजून निम्मी वाटही झालेली नसते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: मधली एखादी संधी हुकल्याने सवय लागण्याच्या एकूण गतीवर लक्षात यावा असा परिणाम झाला नाही.

याला जोड मिळाली २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड प्रयोगाची. अमेरिकेतल्या एका जिम-साखळीच्या ६१ हजारांहून जास्त सदस्यांवर ५४ निरनिराळ्या युक्त्या चार आठवडे एकाच वेळी वापरून पाहिल्या गेल्या. आठवण करून देणारे संदेश, बक्षिसाचे गुण, प्रोत्साहनाचे मजकूर असं बरंच काही. सगळ्यांत सरस ठरलेल्या युक्तीत, ठरलेली फेरी चुकल्यावर परत येणाऱ्याला थोडे जादा गुण मिळत. त्या गुणांची किंमत नाममात्र होती. पण खाडा झाल्यावर परत येण्याला काही मोल आहे, हे त्यातून माणसाला कळत होतं. एक कटू बाबही नोंदवायला हवी. चार आठवडे संपल्यावर बहुतेक युक्त्यांचा प्रभाव ओसरला. त्यानंतरही मोजण्याजोगा बदल टिकला तो फक्त ८ टक्के युक्त्यांमध्ये. बाहेरून मिळणारं बळ बाहेरच राहतं.

मग सवय नेमकी कशाची लागते? अख्ख्या व्यायामाची लागत नाही, हे मान्य केलं की बरीच कामं सोपी होतात. पंधरावी बैठक मारताना मांड्या भरून येतात, तिथे लक्ष आणि जोर दोन्ही लागणारच, दहा वर्षांनीही लागणार. आपोआप होऊ शकते ती सुरुवात: कपडे बदलणं, बूट चढवणं, दाराबाहेर पडणं किंवा चटई अंथरणं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळी मेहनत या दोन मिनिटांच्या तुकड्यावर करावी. व्यायाम कितीही साधा असो, हा तुकडा रोज त्याच क्रमाने घडला पाहिजे.

त्यासाठी ‘रोज व्यायाम करेन’ या वाक्याचा उपयोग नाही. वाक्यात चार गोष्टी हव्यात: कशानंतर, कुठे, काय आणि पहिली हालचाल कोणती. ‘सकाळी दात घासून झाले की बैठकीच्या खोलीत चटई अंथरेन आणि उभ्याने गुडघे उचलायला लागेन.’ पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा ‘अमुक झालं की तमुक करेन’ पद्धतीच्या योजनांवर बराच अभ्यास केला. त्याच धर्तीवर ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४८ विद्यार्थ्यांना आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं दमदार व्यायाम करायचा होता. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही, दुसऱ्याला हृदयविकाराची माहिती देऊन पटवून दिलं, तिसऱ्याला शिवाय दिवस, वेळ आणि जागा लिहायला लावली. पहिल्या दोन गटांत तिघांतल्या एकापेक्षा थोड्या जास्त जणांनी व्यायाम केला, तिसऱ्या गटात ९१ टक्क्यांनी. पटणं आणि ठरवणं यांत एवढं अंतर असतं.

‘कशानंतर’ निवडताना बहुतेकांचं चुकतं. निवडलेली गोष्ट रोज घडणारी हवी आणि तिचा शेवट स्पष्ट हवा. दात घासणं संपतं, मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवणं संपतं, लॅपटॉप बंद होतो. ‘कामावरून आल्यावर’ हे मात्र फसवं आहे, कारण घरी येणं संपतच नाही. माणूस पिशवी ठेवतो, पाणी पितो, जरा टेकतो, फोन हातात घेतो आणि मग उठणं हा वेगळाच पराक्रम होतो. संध्याकाळच धरायची असेल तर खुणेची जागा दार ठेवावी: पिशवी ठेवायची ती बुटांशेजारीच आणि बसण्याआधी कपडे बदलायचे. व्यायामाचे कपडे आदल्या रात्री एकाच जागी एकत्र काढून ठेवावेत. मोजा शोधण्यात गेलेली चार मिनिटं माघार घ्यायला पुरेशी असतात. पहाट बरी की संध्याकाळ, या वादात मात्र शिरू नये. ज्या वेळेला लोक तुम्हाला कमीत कमी हाका मारतात ती वेळ चांगली.

ठरलेल्या वेळेचा अतिरेकही अंगलट येतो. गूगलच्या सुमारे अडीच हजार कर्मचाऱ्यांबरोबर झालेल्या एका प्रयोगात काहींना ठरवलेल्या वेळेतच जिमला गेलं तर मोबदला मिळत होता, तर काहींना दिवसात कधीही गेलं तरी चालत होतं. मोबदला थांबल्यावर जास्त काळ टिकला तो दुसरा गट. पहिल्या गटातल्यांना ठरलेल्या वेळी जायची सवय लागली खरी, पण ती वेळ हुकली की त्या दिवशी ते जातच नव्हते. यावरून वेळ ठरवूच नये असा अर्थ काढायला नको. एक मुख्य वेळ ठरवावी आणि तिच्या पोटात एक राखीव वेळ लिहावी: ‘सकाळी जमलं नाही तर रात्रीच्या जेवणाआधी, किमान माप.’ राखीव वेळेला पूर्ण व्यायामाची अपेक्षा ठेवली तर तीही मोडते.

हे किमान माप म्हणजे साऱ्या आखणीचा कणा. प्रत्येकाने व्यायामाची दोन मापं लिहून ठेवावीत. पूर्ण माप चांगल्या दिवसाचं, तीस-चाळीस मिनिटांचं. किमान माप हे डोकं दुखत असताना, पाहुणे बाहेर बसलेले असताना, दिवस हातातून गेलेला असतानाही होईल असं. एक नमुना देतो. दोन मिनिटं जागच्या जागी गुडघे उचलत चालणं. मग खुर्चीच्या कडेला पार्श्वभाग टेकवून उठायच्या १० बैठका, टेबलाच्या कडेवर हात टेकून ८ पुश-अप, २० सेकंद प्लँक (पालथं होऊन कोपरं आणि पायांची बोटं टेकवून अंग सरळ ताठ धरणं). थोडा श्वास घ्यायचा आणि हे तिन्ही पुन्हा एकदा. आठ मिनिटांत संपतं, घाम जेमतेम येतो, आंघोळही करावी लागत नाही. एवढ्याने काय होणार, असं वाटतं. एरवी बसूनच दिवस काढणाऱ्याच्या शरीराला याचाही थोडाफार फायदा होतो. पूर्वीच्या शिफारशींत सलग दहा मिनिटांहून कमी व्यायाम हिशेबात धरत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमधून ती अट काढून टाकली. त्याच सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी, आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. पण किमान मापाचं मुख्य काम वेगळं आहे. ते सुरुवातीचा तुकडा जिवंत ठेवतं.

यात एक खोड शिरते. किमान माप हळूहळू नेहमीचं माप होतं आणि माणूस आठ मिनिटांवरच समाधान मानायला लागतो. त्याला एकच बंधन पुरतं: आठवड्यात निदान दोनदा पूर्ण माप झालं पाहिजे, उरलेल्या दिवशी किमान माप बिनशर्त चालेल. आणि किमान माप झाल्यावर थांबायची मुभा खरीखुरी असली पाहिजे. ‘सुरुवात तर करू, मग पुढे होईलच’ असा स्वतःशी छुपा करार असेल, तर चौथ्या दिवशी मन ती चाल ओळखतं आणि सुरुवातीलाच नकार देतं.

आता मापाकडे, कारण सवयी मोडतात त्यात मनाइतकाच मापाचा दोष असतो. नवशिक्यांचा पहिला आठवडा जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा जड असतो. वर्षभर बसून राहिलेल्या माणसाला पूर्वीचं, कॉलेजातलं शरीर आठवतं आणि तो त्या शरीराला साजेसा व्यायाम करतो. जोर किती लावायचा हे ओळखायची सोपी कसोटी म्हणजे बोलणं. चालताना-पळताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम जोर. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर तो जोरकस. चालण्यासाठी मिनिटाला सुमारे १०० पावलं हा मध्यम जोराचा ढोबळ आकडा आहे. दहा सेकंदांत सतरा पावलं पडली की झालं. (रोज दहा हजार पावलं हा आकडा मात्र कोणत्या संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून तो आला.) हृदयाचे ठोके मोजणाऱ्यांनी कमाल ठोके काढायच्या ‘२२० वजा वय’ या सूत्रावर फार विसंबू नये. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत वीसचा फरक सहज पडतो.

बोलण्याची ही कसोटी सवयीच्या दृष्टीनेही कामाची आहे. पांतेलेइमॉन एक्केकाकिस या संशोधकाच्या कामातून दिसलं की श्वास तुटायला लागतो त्या पातळीच्या खाली बहुतेकांना व्यायाम करताना बरं वाटतं, आणि ती पातळी ओलांडली की बहुतेकांचं बरं वाटणं झपाट्याने घसरतं. जी गोष्ट करताना रोज वाईट वाटतं ती सहा महिने कुणी करत नाही. म्हणून पहिले सहा-आठ आठवडे बोलता येईल एवढ्याच जोरात काढावेत. जोर नंतर वाढवता येतो. सोडलेला व्यायाम पुन्हा धरणं जास्त अवघड असतं.

सुरुवातीच्या पाच मिनिटांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण बरेच लोक तिथूनच मागे फिरतात. हालचाल सुरू होताच स्नायूंची प्राणवायूची मागणी एकदम वाढते, पण हृदय आणि श्वास त्या मागणीला पोचायला दोन-तीन मिनिटं घेतात. तेवढ्या काळात पाय जड वाटतात, धाप लागते, आज आपल्यात दम नाही असं वाटतं. ते त्या मिनिटांपुरतं असतं. व्यायाम करण्याआधी लोकांना विचारलं तर त्यातून मिळणारा आनंद ते प्रत्यक्षाहून कमी धरतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ही नकोशी सुरुवातच असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे दिसून आलं. उपाय साधा आहे. पहिली पाच मिनिटं नेहमीच्या निम्म्या जोरात करायची आणि आज किती करायचं हा निर्णय दहाव्या मिनिटाला घ्यायचा.

पळायला सुरुवात करणाऱ्यांसाठी जॉश क्लार्कने १९९६ मध्ये आखलेला नऊ आठवड्यांचा क्रम आजही चांगला आहे. आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं झपझप चालायचं, मग ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं, असं आलटून पालटून वीस मिनिटं. तो फसतो तो ६० सेकंदांच्या वेगामुळे. एकच मिनिट आहे म्हणून माणूस सुसाट सुटतो. वेग इतका कमी हवा की शेजारून झपझप चालणारा पुढे निघून जाईल आणि आपल्याला त्याची लाज वाटणार नाही. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करावा. नऊचे चौदा आठवडे झाले तरी चालतात.

ताकदीच्या व्यायामात पाच हालचाली पुरतात: बसणं-उठणं, ढकलणं, ओढणं, कंबरेतून वाकून उचलणं, आणि पोट-पाठ ताठ धरून ठेवणं. घरी करायचं तर खुर्चीवरच्या बैठका, पुश-अप, एक हात खुर्चीवर टेकून दुसऱ्या हाताने भरलेली पाठपिशवी कंबरेकडे ओढणं, तीच पिशवी पाठ सरळ ठेवून गुडघ्यांपर्यंत खाली नेऊन वर आणणं, आणि प्लँक. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, नाहीतर ती सरकते. आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान एक दिवस सोडून. पहिले दोन आठवडे प्रत्येकी दोन फेऱ्या, फेरीत ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्यांच्या मध्ये मिनिट-दीड मिनिट विसावा. अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटतं तिथे थांबावं. दोन्ही फेऱ्यांत १२ वेळा नीट झालं, आणि लागोपाठ दोन वेळा झालं, की एक पायरी चढायची: पुश-अपसाठी भिंतीवरून टेबलावर, टेबलावरून खुर्चीच्या बैठकीवर, तिथून जमिनीवर, पिशवीत एक-दोन पुस्तकं जास्त. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. वजनही वाढवलं, फेऱ्याही वाढवल्या आणि त्याच आठवड्यात पळणंही सुरू केलं, तर दुखलं कशाने हे कळायला मार्ग राहत नाही.

दुखणार तर आहेच. पहिल्या व्यायामानंतरची ती अंगदुखी २४ ते ७२ तासांत शिगेला पोचते, आणि म्हणूनच ती धोक्याची आहे: व्यायाम चालू असताना काही जाणवत नाही, दोन दिवसांनी जिना उतरवत नाही. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचल्याने ती होते असं म्हणतात, पण तिचा त्याच्याशी संबंध नाही. व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते रक्तातून जवळजवळ निघून जातं. स्नायू ताणला जात असताना भार पेलल्याने, म्हणजे बैठकीत खाली जाताना किंवा उतारावरून पळताना, स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ती भरून निघताना दुखतं. दिलासा असा की तोच व्यायाम आठवड्याभराने पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं. म्हणून पहिल्या वेळी एकच फेरी करून घरी जाणारा माणूस शहाणा.

मात्र सगळी दुखणी एका जातीची नसतात. दोन्ही मांड्या बोथट दुखतात, हाताने दाबलं की बरं वाटतं, हालचाल केली की सैल होतात, ही साधी अंगदुखी. हलक्या चालण्याने ती कमी होते. एकाच बाजूला, सांध्यात किंवा हाडावर, बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतं, व्यायाम करताना वाढतं आणि रात्रीही जाणवतं, तेव्हा थांबावं आणि दाखवून यावं. पळणाऱ्यांच्या नडगीच्या हाडावरची दुखरी जागा आणि सकाळच्या पहिल्या पावलांना टाचेखाली उठणारी कळ, या दोन्ही तक्रारी घाईमुळे होतात. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांना आणि हाडांना महिने लागतात. दम वाढला म्हणून अंतर वाढवलं जातं आणि पाय मागे राहतात. छातीत दडपण, चक्कर, कमी श्रमात लागणारी न शोभणारी धाप असेल, हृदयाचा जुना विकार असेल, इन्सुलिन चालू असेल किंवा गर्भारपण असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी.

वजनकाटा मात्र पहिले दोन महिने कपाटात जावा असं माझं स्पष्ट मत आहे. व्यायाम सुरू केल्यावर स्नायू जास्त ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठवतात आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. भरून निघणाऱ्या स्नायूंना थोडी सूजही असते. त्यामुळे काटा पहिल्या काही आठवड्यांत हलत नाही किंवा थोडा वर जातो, आणि माणूस ‘एवढं करून काय उपयोग’ म्हणत सोडून देतो. त्याच काळात आत बरंच घडत असतं. पहिल्या एक-दोन आठवड्यांत रक्तातलं द्रव वाढतं आणि हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलता येतं. पहिल्या महिन्यातली ताकदीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेमुळे होते, स्नायूंना एकत्र कामाला लावायला ती शिकते. आरशात दिसेल असा फरक पडायला दोन-तीन महिने जातात. त्याआधी बघायचंच असेल तर तोच जिना चढून वर पोचल्यावर वाक्य पूर्ण करता येतं का, ते बघावं.

नोंद ठेवावी, पण तीन रकान्यांचीच: तारीख, काय केलं, आणि दहापैकी किती जड गेलं. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तोच सगळ्यांत बोलका असतो. मागच्या महिन्यात तीच चाल ७ वाटत होती आणि आज ५ वाटते, यापेक्षा चांगला पुरावा कुठलं घड्याळ देत नाही. उलट बाजूने, नेहमीचं ५ सलग दोन-तीनदा ८ वाटायला लागलं तर झोप कमी पडते आहे किंवा आजार येऊ घातला आहे.

कॅलेंडरवर सलग फुल्या मारत जाण्याची पद्धत मला पटत नाही. साखळी जितकी लांब तितका ती तुटण्याचा धसका मोठा, आणि चाळीस फुल्यांनंतर एक रिकामी चौकट आली की चाळीस दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. त्याऐवजी महिन्याच्या शेवटी एकच आकडा काढावा: सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा पडला? महिन्यात चौदाच दिवस व्यायाम झाला, पण खंड दोन दिवसांहून मोठा नव्हता, तर सवय ठणठणीत आहे. बावीस दिवस झाला आणि मग आठ दिवस काहीच नाही, तर तिथे लक्ष द्यायला हवं. खंड दोन दिवसांहून लांबू द्यायचा नाही, एवढा एकच नियम मी ठेवेन.

लहान खंड आणि मोठा खंड यांच्यावरचे उपाय वेगळे आहेत, आणि ते आधीच लिहून ठेवावेत. एक-दोन दिवस चुकले तर भरपाई करायची नाही. दुप्पट व्यायाम करून वसुली करायला गेलं की अंगदुखी आणि पुढचा खाडा ठरलेला. आठवडा गेला तर पूर्वीच्याच पायरीवर, एक फेरी कमी करून. दोन-तीन आठवडे गेले तर पहिला आठवडा निम्म्या फेऱ्या आणि थोडं कमी वजन. दम दोन-तीन आठवड्यांत जाणवेल इतका उतरतो, ताकद त्याहून जास्त टिकते, आणि दोन्ही परत येतात ती पहिल्या वेळेपेक्षा लवकर. महिन्याहून जास्त खंड पडला तर आखणीच्या तिसऱ्या आठवड्यापासून धरावं आणि अंग पुन्हा दुखेल हे गृहीत धरावं. तापात व्यायाम करायचा नाही. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं चालायला हरकत नसते. ताप, अंग मोडून येणं, छातीतला कफ असेल तर विश्रांती. ताप उतरून रोजची कामं नीट व्हायला लागली की दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने सुरुवात, आणि त्यात छातीत दुखलं किंवा धडधड झाली तर थेट डॉक्टर.

प्रवास, परीक्षा, घरातलं आजारपण असे आठवडे येणार हे माहीतच असतं. तेव्हा सगळं थांबवण्याऐवजी वारंवारता कमी करावी, जोर तोच ठेवावा. रॉबर्ट हिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं होतं की आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम करणाऱ्यांनी तो दोन दिवसांवर आणला, पण त्या दोन दिवसांतला जोर आणि वेळ कायम ठेवला, तर पंधरा आठवडे त्यांची कमाल प्राणवायूक्षमता, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ती मर्यादा, टिकून राहिली. कमावायला जे लागतं त्याच्या अंशाने राखता येतं, हे कळलं की धकाधकीच्या महिन्याची भीती निम्मी होते.

जिमचं सदस्यत्व, महागडी साधनं, घड्याळं यांच्याबद्दल थोडक्यात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मासिक वर्गणी भरणारे सदस्य महिन्याला सरासरी ४.३ वेळाच जिमला जात होते. दर फेरीचे पैसे देणं त्यांना स्वस्त पडलं असतं. वर्गणी भरणं ही व्यायामाची सुरुवात वाटते, पण ती फक्त खरेदी असते. जोडीदार असेल तर उत्तमच, मात्र त्याचा खाडा हा आपला खाडा होता कामा नये: तो आला नाही तर ठरलेल्या जागेवर किमान माप तरी करूनच परतायचं. जिममध्येच ऐकायची म्हणून एखादी रंगतदार ध्वनिकादंबरी राखून ठेवण्याची युक्तीही तपासली गेली आहे. सुरुवातीला तिने चांगलं काम केलं, मग सणाची सुट्टी आली आणि परिणाम विरला. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसासाठी त्यात काही योजलेलं नव्हतं.

वर्ष-दोन वर्षं टिकलेल्या सवयीलाही एक धोका उरतो, तो म्हणजे जागा बदलणं. वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये, एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायामासारख्या जुन्या सवयी तपासल्या. नवी परिस्थिती जुनीसारखीच होती तिथे सवय टिकली. खुणा बदलल्या तिथे ती माणसाच्या इराद्यावर अवलंबून राहिली. घर, नोकरी, कामाची पाळी किंवा मुलांची शाळा बदलली की ‘कशानंतर, कुठे, काय, पहिली हालचाल’ हे वाक्य नव्याने लिहावं लागतं, आणि ते पहिल्याच आठवड्यात लिहावं, कारण नव्या घरात इतर सवयीही त्याच आठवड्यात जागा धरत असतात. सामान लावताना चटई आणि बूट कुठे राहणार हे आधी ठरवावं. सहा आठवडे किमान मापावरच राहावं, पूर्वी कितीही जास्त करत असलो तरी. आणि पूर्ण माप पहिल्यांदा वाढवावं ते ज्या दिवशी चटई अंथरल्याचं अंथरून झाल्यावर लक्षात येईल त्या दिवसानंतर.